मोरिता-सानचा लाखेचा डबा

तोत्तोरी, १२ मे २०२४

चि. विद्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मार्चात आलं आणि मी उत्तराला मे महिना आणला, तेव्हा रागावू नकोस. कागद घेऊन बसलो की सुचेता विचारते, "कोणाला लिहिताय हो?" मग मी घाबरून सामानाची यादी लिहायला लागतो. फोनवर बोलायची तर सोयच नाही. एकच खोली, आणि तुझ्या वहिनीचे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. आज ती बाहेर गेली आहे. कुठे, ते पुढे लिहितो.

घर नवं आहे. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठीच बांधलेलं. प्रत्येकाला एक खोली, एक छोटा ओटा, न्हाणीघरात धरायला दांड्या, आणि खाली सगळ्यांचं मिळून जेवणघर. इथल्या देखरेखीच्या ओगावाबाई सकाळी दार वाजवून बघतात, आम्ही उठलो की गेलो. खिडकीतून वाळूच्या टेकड्या दिसतात, त्यांच्यामागे समुद्र. फेब्रुवारीत आलो तेव्हा वाळूवर बर्फ होता. आता नुसती वाळू. ती गादीत येते, चपलेत येते, रात्री काढून ठेवलेल्या कवळीतसुद्धा येते. तुझा प्रसन्न म्हणतो की हे वाळवंट नव्हे, इथे पाऊस पडतो. तो शास्त्रज्ञ आहे, त्याचं खरं असेल. पण वाळू आहे, पर्यटकांना बसवायला उंटही आहेत, मग वाळवंटाला आणखी काय लागतं?

सुचेताला जागा आवडली. म्हणते, कोबेच्या हॉटेलात चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून समोरची भिंत बघितली, आता लांबवर काहीतरी दिसू दे. मी सातवी शिकलेला माणूस, माझं सगळं आयुष्य शेगडीपुढे गेलं. दोघांच्या गुडघ्यांमुळे हॉटेल बंद केलं ते तुला माहीत आहेच. इथे मला काम नाही. इथल्या जेवणाला तर काही चवच नाही, नुसतं कोमट पाणी गिळल्यासारखं वाटतं. कायमचं राहायचं की नाही ते नोव्हेंबरअखेर सांगायचं आहे. मी कोबेला परत जायचं म्हणतो. सुचेता काही म्हणत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

आता मुद्दा. शेजारच्या खोलीत मोरिता नावाचा म्हातारा आहे. ब्याऐंशीचा आहे, पण पाठ ताठ. बायको गेल्या वर्षी वारली. त्याच्या भावाची इथे वाळूत राक्क्योची शेती आहे. राक्क्यो म्हणजे लसणीएवढे कांदे, त्यांचं आंबटगोड लोणचं घालतात. आम्ही आलो त्या आठवड्यात तो एका लाल-काळ्या लाखेच्या डब्यात ते लोणचं घेऊन आला. ठीक आहे, शेजारधर्म. तुझ्या वहिनीने डबा परत करताना त्यात शिरा घालून दिला. तर तो परत आला, डब्यात मोची, म्हणजे तांदळाचे चिकट लाडू. हिने थालीपीठं दिली. त्याने सुकवलेले मासे दिले. हिने चिवडा दिला. असं तेव्हापासून चाललंय. डबा आमच्याकडे कमी आणि दारात जास्त असतो.

विद्या, तुला ठाऊक आहे, सुचेताने लग्नानंतर फारसा स्वयंपाक केला नाही. जे खाल्लं ते माझ्या हातचं. आणि आता ती रोज ओट्यापाशी उभी राहते, ती त्याच्या डब्यासाठी. शिरा केला तेव्हा "बघा हो कसा झालाय" असं एका शब्दाने म्हणाली नाही मला. मी इतकी वर्षं स्वयंपाक केलेला माणूस, तिथेच बसलेला!

आत्ता ती त्याच्याबरोबर शेत बघायला गेली आहे. त्या दोघांचं जपानी फडाफडा चालतं. माझं जपानी म्हणजे "तेल आण" आणि "लवकर उचल".

मी काय समजायचं ते तू सांग. हे पत्र आर्याच्या हाती पडू देऊ नकोस, आजोबांची अब्रू जाईल.

तुझा दादा,
पंढरीनाथ

---

त्सुकुबा, १९ मे

ती. दादास साष्टांग नमस्कार.

आर्याला मराठी वाचता येत नाही, तेव्हा तुझी अब्रू शाबूत आहे. "आज्जी, का हसतेस?" असं तिने जपानीत विचारलं, मी "उंट" म्हणून सांगितलं.

अरे, काय हे! एकाहत्तर वर्षांची वहिनी, तिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि तुला संशय कसला, तर चिवड्याचा! दादा, आईने आपल्याला काय शिकवलं? कोणाचं भांडं आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. वहिनी तेच करते आहे. आणि इथल्या माणसांचं तर आपल्यापेक्षा वरताण. त्यांना काही दिलं की परतफेड केल्याशिवाय झोप येत नाही. मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिवाळीत चार लाडू दिले ते अजून फेडते आहे. त्यांनी बिस्किटं दिली, मी चकल्या दिल्या, त्यांनी टॉवेल दिला. आता टॉवेलला काय देऊ? प्रसन्न म्हणतो, "आई, तुमच्यापैकी एक जण घर बदलेपर्यंत हे थांबायचं नाही."

तर दोन्हीकडून रिकामा डबा जात नाही, एवढीच भानगड आहे. तुला खटकत असेल तर पुढच्या वेळी डबा तूच पोचव. दोन शब्द बोल. तो माणूस एकटा आहे, तूही दिवसभर खिडकीत एकटाच बसतोस.

आणि इथल्या जेवणाला चव नाही म्हणतोस. वहिनी फोनवर म्हणाली की जेवण चांगलं असतं. असो.

तुझी,
विद्या

---

तोत्तोरी, २२ जून

चि. विद्यास आशीर्वाद.

तू हसलीस. हस. तुझा नवरा होता तेव्हा त्याने पोस्टातल्या बाईला चहा दिला तरी तू फुगायचीस, ते मी विसरलो नाही.

आता ऐक. राक्क्योची काढणी चालू आहे. गावातल्या बायका शेडमध्ये बसून एकेक कांदा हातात धरून त्याचं मूळ आणि शेंडा कापतात. फार चपळाईचं काम. तुझी वहिनी तिथे जायला लागली. मी म्हटलं, "आपल्याला पैशांची नड आहे का?"

"पैशांसाठी कुठे जाते? बायका बोलतात, वेळ जातो. तुम्हीही चला."

"मी? बायकांत?"

"मोरिता-सान येतात की."

म्हणजे तो बायकांत बसतो! टोपल्या उचलून देतो म्हणे, ब्याऐंशीव्या वर्षी. परवा त्याने हिला कापायची सुरी धार लावून दिली. माझ्या सुऱ्या पेटीत गुंडाळून पडल्या आहेत, कोबेत त्यांच्यासारखी धार कोणाच्या सुरीला नव्हती. मला विचारलं असतं तर मी दिली नसती का लावून?

ती संध्याकाळी हसत येते. बसमध्ये लोकांनी नाकाला रुमाल लावले, एवढा हातांना कांद्याचा वास येतो, असं तीच सांगते. मला काही वास आला नाही. पण ती हात पुढे करून "बघा, बघा" म्हणत नाही, मोरिताला मात्र जेवणघरात हात दाखवून दोघं हसत होती.

आणि मुख्य गोष्ट लिहायला माझा हात उठत नाही. रविवारी तिने डाळ केली. साधी नव्हे. माझी. हॉटेलची डाळ, जी खायला लोक ओसाकाहून यायचे. मी ती कोणाला शिकवली नाही, हाताखालच्या पोऱ्यांनाही नाही. तिने ती कधी बघून ठेवली, देव जाणे. मी मनात म्हटलं, आता विचारेल. कढीपत्ता आधी की मोहरी आधी, काहीतरी विचारेल. तिने डाळ वाटीत घेतली, खाली गेली, आणि सगळ्यांसमोर मोरितापुढे चमचा धरला. "मीठ बरोबर आहे का?" जपानीत विचारलं, पण तेवढं जपानी मला कळतं.

त्याने डोळे मिटून चव घेतली. म्हणाला, किंचित जास्त.

माझ्या डाळीत मीठ किंचित जास्त! आणि ती मान डोलावून म्हणते, हो ना, मलाही वाटलंच.

नोव्हेंबरात मी कोबेला जाणार. ती आली तर ठीक, नाही आली तर राहू दे तिला तिच्या वाळूत. मी एकट्याची खोली बघायला सांगितली आहे रविकांतला. त्याने हॉटेलची जागा घेतली तेव्हाच म्हणाला होता, काका, कधीही या.

तुझा दादा

---

त्सुकुबा, १ जुलै

ती. दादास साष्टांग नमस्कार.

वहिनी तुला चव का विचारत नाही, ते तिलाच विचार. मला विचारू नकोस. खरंच विचारू नकोस, दादा.

कोबेचं घाईने काही ठरवू नकोस. आणि रविकांतच्या बायकोला दुसरं मूल व्हायचं आहे. "काका, कधीही या" हे पुण्याचे लोक निरोप घेताना म्हणतात.

डबा पोचवलास का? पोचव. माणसाशी बोल.

तुझी,
विद्या

---

तोत्तोरी, १० ऑगस्ट

चि. विद्यास आशीर्वाद.

तुझा सल्ला मानला. डबा मी पोचवला.

तो आमच्याकडे आला तेव्हा त्यात नाशपाती होत्या. सुचेता न्हायला गेली होती, ओट्यावर तिने नारळीभाताची तयारी मांडली होती. नारळीभात, त्या माणसासाठी! मी नाशपाती टोपलीत ओतल्या, डबा घेतला आणि स्वच्छ घासला. वरवर नव्हे. तारेच्या घासणीने, कढत पाण्यात, हॉटेलात पातेली घासतात तसा. पुसून कोरडा केला. आणि जसा होता तसा, रिकामा, त्याच्या हातात दिला. म्हटलं, "आरिगातो. संपलं."

त्याने दोन्ही हातांनी घेतला. झाकण उघडलं. आत बघितलं. मग वाकला, आणि इतका वेळ वाकून राहिला की मला माझे हात कुठे ठेवावेत कळेना.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. मिठाईचं खोकं घेऊन उभा. म्हणाला, मी तुम्हाला आजवर फार त्रास दिला, क्षमा असावी. सुचेताला काही कळेना, ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोकं घेतलं. झालं! त्यानंतर तो आमच्या मजल्यावर दिसत नाही, जेवायला उशिरा येतो आणि दाराजवळ बसतो. थेट वाळवंटातल्या उंटासारखी मान खाली घालून.

आता भर उन्हात राक्क्योची लावणी चालू आहे, बायका वाळूत ओणव्या होऊन एकेक कांदा खोचतात. सुचेता बघायला गेली नाही. ओट्याला तिने हात लावलेला नाही. जेवणघरात माझ्याच शेजारी बसते. बोलत मात्र नाही. "वाढू का" एवढंसुद्धा नाही. खिडकीत बसून बाहेर बघते, पण कोबेला गल्ल्यावर बसून भिंतीकडे बघायची तशी.

मी जिंकलो, असं मला वाटत होतं. तूच सांग, जिंकल्यावर असं असतं का?

तुझा दादा

---

त्सुकुबा, १७ ऑगस्ट

दादा,

नमस्कार लिहायची इच्छा नाही, पण केला आहे असं समज.

मी डबा पोचव म्हटलं, रिकामा पोचव नाही म्हटलं. आणि तारेच्या घासणीने! अरे, ती लाख असते. इथे लोक ती मऊ फडक्याने, कोमट पाण्यात, नवजात बाळासारखी धुतात. वहिनी काल फोनवर रडली. तो डबा त्याच्या बायकोच्या माहेरचा होता. ती गेल्यापासून त्याने तो कोणाकडे पाठवला नव्हता. तुमच्याकडे पाठवला.

आता ऐकायचं नसलं तरी ऐक. मी हे सांगणार नव्हते, वहिनीने मला शपथ घातली आहे. तुझं हॉटेल गुडघ्यांमुळे बंद झालं नाही. तीन वर्षांपूर्वी मी कोबेला आले तेव्हा तू मला तुझ्या हाताने डाळ वाढलीस, आठवतं? त्यात मिठाचा खडा होता. मी वहिनीकडे बघितलं, तिने टेबलाखाली माझा हात दाबला. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि तुला म्हटलं, "दादा, तुझ्यासारखी डाळ कोणाची नाही." रात्रभर पाणी प्यायले. तुझी चव गेली आहे. वासही गेला आहे. तुला माहीत आहे, आणि तू समजतोस की आणखी कोणाला माहीत नाही. वहिनीला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तू बाहेर मालाच्या माणसाशी बोलायला गेलास की ती गल्ल्यावरून उठून आत जायची, पातेल्यात पाणी घालायची, बटाटा सोडायची. गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा तिनेच गुडघ्यांचं कारण काढलं, आणि ते तुझ्या तोंडून येऊ दिलं.

तुझ्यापुढे चमचा धरून "मीठ बघा" म्हणाली असती, तर तू काय सांगितलं असतंस? म्हणून विचारत नाही. तुझी डाळ निदान तिला तरी करता यावी, म्हणून ती शिकते आहे. त्या म्हाताऱ्याला विचारते, कारण त्याची जीभ शाबूत आहे. बस, एवढंच.

आणि हे पण ऐक. तिने मला सांगितलं, "ते कोबेला गेले तर जाऊ देत. मी इथेच राहणार." हे सांगताना ती रडत नव्हती.

विद्या

---

त्सुकुबा, २९ सप्टेंबर

ती. दादास साष्टांग नमस्कार.

महिना उलटून गेला. मी फार लिहिलं का? फोन केला तर वहिनी म्हणते, "ते बाहेर गेलेत." कुठे म्हटलं तर "वाळूत." रोज वाळूत काय करतोस? डोक्यावर टोपी तरी घालतोस ना?

रागावलास तर रागाचं पत्र लिही. पण लिही.

तुझी,
विद्या

---

तोत्तोरी, १६ नोव्हेंबर

चि. विद्यास अनेक आशीर्वाद.

पुन्हा उशीर झाला. या वेळी सुचेताचं कारण सांगत नाही. ती समोरच बसली आहे आणि मी तुलाच लिहितोय हे तिला माहीत आहे. "माझा नमस्कार लिहा" म्हणते.

तुझं पत्र वाचून मी तुझ्यावर नाही, सुचेतावर चिडलो होतो. तीन वर्षं मला वेड्यात काढलं! मी ज्या पातेल्यापुढे ऐटीत उभा राहायचो, त्यात ही मागून पाणी घालत होती. मी रोज वाळूत चालायला गेलो, घरी भांडण नको म्हणून. वाळूत नीट चालता येत नाही, एक पाय टाकावा तर अर्धा मागे येतो. तिथे मी एकदा मूठभर वाळू तोंडात घालून बघितली. हसू नकोस. बघायचं होतं, काही कळतं का. दाताखाली कचकच कळली, बाकी काही नाही. तेव्हा ती डाळीची वाटी डोळ्यांपुढे आली, आणि वाटलं, तिने मला खरंच विचारलं असतं तर मी छातीठोकपणे म्हणालो असतो, "मीठ बरोबर आहे." आणि मग तिने काय करायचं?

ऑक्टोबरात एका सकाळी मोरिताच्या दारात गेलो. हात रिकामेच होते, काय न्यावं सुचलं नाही. आत त्याच्या बायकोचा फोटो आहे, त्याच्यापुढे तो डबा. झाकणावर सगळीकडे ओरखडे. मला माफीचं जपानी येत नाही. स्वयंपाकघरातलं येतं, तेच बोललो. "मी वाईट. पातेलं जाळलं." तो गोंधळला. मग डबा उचलून खिडकीशी नेला आणि बोट लावून दाखवलं. म्हणाला, हा ओरखडा तुमचा नाही, हा तिचा, तिलाही घासायची सवय होती. खरं सांगत होता की माझी समजूत घालत होता, कोण जाणे. मग म्हणाला, "डबा रिकामा आला तेव्हा मला वाटलं, मी आणलेलं तुमच्या तोंडाला गोड लागत नाही."

मी म्हटलं, "माझ्या तोंडाला काहीच लागत नाही."

विद्या, आजवर मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते या माणसाला, आणि तेही कोणत्या जपानीत! त्याला कळलं. तो वाकला नाही, त्याने चहा ओतला. चहाला चव नव्हती, पण गरम होता.

घरी येऊन ओट्यापाशी उभा राहिलो. पेटीतून सुरी काढली. सुचेता खिडकीतून वळून बघायला लागली. कांदा चिरला, फोडणी केली, डाळ उकळली. हात विसरले नाहीत. सगळं झाल्यावर चमचा तिच्यापुढे धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "मीठ बघ गं."

तिने चव घेतली. पुन्हा एकदा चमचा बुडवला. मी म्हटलं, "बोल की! जास्त आहे का?"

"अहो, तुम्ही मीठ घातलंच नाहीत."

आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. मीठ तिने घातलं. ती डाळ आपल्या स्टीलच्या डब्यात भरून आम्ही दोघं त्याच्याकडे घेऊन गेलो. लाखेचा डबा आता तिथेच राहील, फोटोपुढे. स्टीलचा मात्र दुसऱ्या दिवशी परत आला, युझुने भरून. युझु म्हणजे इथलं खडबडीत सालीचं लिंबू.

आता सगळं गोड झालं असं समजू नकोस. काल शेतात राक्क्योला फुलं आली ती बघायला गेलो, सगळ्या वाळूवर जांभळा रंग. मोरिता सुचेताला काहीतरी सांगत होता आणि ती तोंडावर हात ठेवून हसत होती. मी मध्ये जाऊन उभा राहिलोच. तिने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, मलाही ऐकू दे." तिने मराठीत सांगितलं. विनोद काही खास नव्हता.

ओगावाबाईंना सांगितलं, आम्ही राहतो. रविकांतला कळवून टाक, खोली बघू नकोस म्हणावं. बघत नसेलच म्हणा.

या पार्सलात एक बरणी आहे. त्या युझुचं लोणचं मी घातलं आहे. मीठ या वेळी मीच घातलं, अंदाजाने. सुचेताने चव घेतली आणि "चांगलं आहे" म्हणाली. पण ती माझी बायको आहे, तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तूच सांग. आणि तू तर दोन वाट्या खाऊन खोटं बोललेली! आर्याला खायला दे. मुलं तोंड वेडंवाकडं करतात, खोटं बोलत नाहीत. मोरितासाठीही एक बरणी भरून ठेवली आहे, पण तुझं पत्र आल्याशिवाय मी ती त्याच्या दारी नेणार नाही. त्याने पुन्हा डोळे मिटून "किंचित जास्त" म्हटलेलं मला सोसायचं नाही.

तेव्हा मीठ कमी आहे की जास्त, खरं तेच लिही. आणि लवकर लिही गं, मी रोज खाली जाऊन टपालपेटी बघतो.

तुझा दादा,
पंढरीनाथ